वाचकांचे प्रश्न: विहीर एकच, मग आकडे तीन कसे?

प्रश्न: आमची विहीर मोहोळ तालुक्यात आहे. मोबाईलवर आलेले तिचे अक्षांश-रेखांश मी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या आजोबांच्या वेळच्या नकाशावर मांडून पाहिले, तर ती वायव्येला, ओढ्यापलीकडे दुसऱ्याच्या शेतात गेली. खासगी मोजणीदाराच्या कागदावर अंश नाहीतच, सहा आणि सात आकडी संख्या आहेत. शिवाय सोलापूर स्टेशनच्या पाटीवरील उंचीपेक्षा मोबाईलमधील अ‍ॅप सत्तरेक मीटर कमी उंची दाखवते. खरे काय मानावे?
— एक शेतकरी वाचक, जि. सोलापूर

उत्तर: तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अक्षांश-रेखांश जमिनीवर कोरलेले नसतात. पृथ्वीचा कोणता गणिती आकार धरला आणि तो कुठे बसवला, यावर ते ठरतात.

आपल्याकडील जुना नकाशा जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या गोलाभावर, म्हणजे ध्रुवांकडे किंचित चपट्या अशा गणिती गोलावर, आधारलेला आहे. हा गोलाभ भारतीय भूमीशी चांगला जुळावा अशा रीतीने मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथील आरंभबिंदूला बांधलेला होता, त्यामुळे त्याचे केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी जुळत नाही. उपग्रह मात्र त्या वस्तुमानकेंद्राभोवतीच फिरतात. म्हणून जीपीएससाठी तेच केंद्र धरणारी डब्ल्यूजीएस ८४ ही पद्धत वापरतात. तिच्यात विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे, एव्हरेस्टच्या गोलाभापेक्षा आठशेहून अधिक मीटरांनी मोठी.

मोबाईल आधी उपग्रहांपासूनच्या अंतरांवरून या केंद्रापासून एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन दिशांनी मोजलेली अंतरे, असे तीन आकडे काढतो. सोलापूर शहरासाठी ते सुमारे १४८०, ५८९७ आणि १९२२ किलोमीटर येतात. त्यांचे अक्षांश, रेखांश आणि उंचीत रूपांतर त्यानंतर होते. हे नवे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या जाळीवर तसेच टिपले, तर आपल्या भागात बिंदू वायव्येकडे सुमारे दीडशे मीटर सरकतो. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर हे अंतर जेमतेम ३ मिलिमीटर भरते, पण विहीर ओढा ओलांडायला तेवढे पुरते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी निघालेली नकाशामाला डब्ल्यूजीएस ८४ वर आहे. तिच्यावर मांडून पाहावे.

मोजणीदाराच्या संख्या बहुधा यूटीएमच्या, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या जाळीच्या, आहेत. अंशांत क्षेत्रफळ काढणे गैरसोयीचे असते (१ अंश रेखांश आपल्याकडे सुमारे १०६ किलोमीटर, अक्षांशाचा अंश मात्र ११० हून थोडा अधिक), म्हणून ६ अंशांचा एकेक पट्टा सपाट करून मीटरमध्ये मोजतात. सोलापूर जिल्हा ४३ व्या पट्ट्यात येतो. या पट्ट्याच्या मध्यावरील ७५ अंश रेखांशाला शून्य न देता ५,००,००० मीटर देतात, म्हणजे पश्चिमेकडे ऋण संख्या येत नाहीत. मोहोळ त्या रेषेच्या पूर्वेला सत्तर किलोमीटरच्या आसपास असल्याने आपला पहिला आकडा ५,७०,००० च्या जवळपास असावा. दुसरा विषुववृत्तापासून मोजतात, तो १९ लाख ७० हजारांच्या आसपास असेल.

आता उंची. स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची असते. आपले अ‍ॅप गोलाभापासूनची दाखवत असणार. समुद्रसपाटी जमिनीखालून कल्पनेने पुढे नेली, तर तो पृष्ठभाग गुरुत्वाकर्षणातील असमानतेमुळे गुळगुळीत राहत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेस तो गोलाभाच्या सुमारे १०६ मीटर खाली जातो, तर सोलापूरकडे सत्तरेक मीटर. पाटी आणि अ‍ॅप यांच्यातील फरक हाच आहे. काही अ‍ॅपमध्ये ही दुरुस्ती आधीच केलेली असते, म्हणून शेजाऱ्याच्या मोबाईलवर वेगळी उंची दिसली तरी त्याच्याशी वाद घालू नये.

एक गफलत मात्र वारंवार होते: १७ अंश ३९ मिनिटे म्हणजे १७.३९ नव्हे, १७.६५ अंश. इथे चुकल्यास बिंदू २८-२९ किलोमीटर दूर जातो. तसेच दशांश चिन्हापुढील पाचवा आकडा सुमारे एका मीटरचा असतो, आणि साध्या मोबाईलची चूक मोकळ्या रानातही काही मीटर असते. तेव्हा अ‍ॅपने आठ आकडे दाखवले तरी त्यांवरून बांध ठरवू नये. विहिरीची नोंद वहीत करताना आकड्यांशेजारी “डब्ल्यूजीएस ८४, दशांश अंश” किंवा “यूटीएम, पट्टा ४३ उत्तर” असे आणि उंची कशापासूनची तेही लिहून ठेवावे.