१५०-६०० मिमी लेन्स घेतली, पण पक्षी, विमानं, क्रिकेट काहीच शार्प येत नाही. लेन्स विकून प्राइम (झूम न होणारी लेन्स) घेऊ का?

थांबा, इतक्यात विकू नका.

तुम्ही लिहिलंय की क्रॉप सेन्सरच्या (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेरा बॉडीवर सेकंडहँड १५०-६०० घेतली, उजनी जलाशयाच्या काठच्या भिगवणला दोनदा जाऊन आलात, धाकट्या भावाची मॅच काढली, आता बंगळुरूच्या येलहंकाच्या एअर शोला जायचंय, आणि सगळे फोटो ‘लोण्यासारखे मऊ’ येतायत. तुमची लेन्स मी पाहिलेली नाही, त्यामुळे ती शंभर टक्के चांगलीच आहे असं म्हणणार नाही. पण ही तक्रार मी स्वतः घेऊन फिरलोय, म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

२०१७ च्या मार्चमध्ये मी असंच नवंकोरं धूड घेऊन भिगवणला गेलो. पुण्याहून आरामात निघालो, वाटेत मिसळ झाली, कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. नावेत बसून रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) सहाशे-सातशे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते भारी दिसले. घरी कॉम्प्युटरवर उघडले तर एकाही पक्ष्याचा डोळा धड नाही. पाय तर पाण्यात विरघळल्यासारखे. दुसऱ्या आठवड्यात लेन्स घेऊन सर्व्हिस सेंटर गाठलं. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि ‘काही दोष नाही’ म्हणून परत दिली. मला वाटलं, टाळतायत.

खरं उत्तर पुढच्या खेपेला नावाड्याने दिलं. त्या दिवशीही दहा वाजले तरी मी क्लिक क्लिक करतच होतो. तो बांबू टेकवून बसला आणि म्हणाला, “सायेब, आता काय फोटू काढताय, पाणी नाचाय लागलंय.” मी डोळ्याला लावलेला कॅमेरा काढून नीट पाहिलं. लांबचा काठ, त्यावरच्या बाभळी, बगळे, सगळं खरोखर थरथरत होतं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर जे दिसतं तेच. तापलेली आणि गार हवा एकमेकींत मिसळते, प्रत्येक थर प्रकाश थोडा वेगळा वाकवतो, आणि तुमची लेन्स ते सगळं इमानदारीने मोठं करून दाखवते. लाखाची लेन्स लावा की दहा लाखांची, मधली हवा तीच राहते. शटर स्पीड वाढवूनही हे जात नाही, कारण गडबड कॅमेऱ्याच्या आत नसतेच.

म्हणून माझा पहिला प्रश्न: तुमचे मऊ फोटो किती वाजता आणि किती अंतरावरून काढलेले आहेत?

अंतराचा हिशेब एकदा करून बघा, मग पुष्कळ गोष्टी उलगडतात. मोठा रोहित साधारण १.३ मीटर उंच धरा. ६०० मिमीवर तो ५० मीटरवर उभा असेल तर क्रॉप सेन्सरची आडवी फ्रेम वरपासून खालपर्यंत भरतो. २०० मीटरवर तोच पक्षी पाव फ्रेम उंच येतो. मग आपण घरी येऊन फोटो क्रॉप करतो, म्हणजे कडा कापून मधला भाग मोठा करतो, क्रॉप केल्यावर हवेची थरथर, हाताचा हलका धक्का, फोकसची चूक सगळं चौपट होऊन समोर येतं, आणि शिव्या लेन्सला. ६०० घेतली म्हणजे आता लांबचं सगळं काढता येईल असं आपण सगळेच धरून चालतो. माझ्या मते ही लेन्स बऱ्यापैकी जवळ असलेली गोष्ट मोठी दिसावी म्हणून घ्यायची. जवळ जायची मेहनत तिने माफ होत नाही.

भिगवणला जवळ जाणं म्हणजे नाव त्यांच्या अंगावर घालणं नव्हे, हेही सांगून ठेवतो. सूर्योदयाला पाण्यावर असा. नावाड्याला सांगा, लांबूनच इंजिन बंद कर आणि बांबूने हळूहळू ने. थव्याकडे लक्ष ठेवा. खाली माना घालून चरत असतील तर ठीक. चार-पाच माना एकदम ताठ झाल्या की थांबायचं, दहा मिनिटं काहीच करायचं नाही. उडवले तर तुम्हाला पाठमोऱ्या पक्ष्यांचे फोटो मिळतील, आणि मागून येणाऱ्या नावेला काहीच नाही. आणखी एक: पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उड्डाण घेतात. रोहित तर पाण्यावर धावत जाऊन मग उचलला जातो. वारा तुमच्या पाठीकडून येत असेल अशा बाजूला नाव लावली तर ते आपल्या मर्जीने उडताना तुमच्या दिशेने येतात. सकाळी ऊनही पाठीशी असेल तर मग विचारूच नका. फेब्रुवारीनंतर उजनीचं पाणी उतरतं, चिखलाची बेटं उघडी पडतात, तेव्हा हे सगळं जास्त जमतं.

आता शटर स्पीड. तुम्ही १/५०० सेकंद लिहिलंय. बसलेल्या बगळ्याला पुरेल, उडत्या पक्ष्याला नाही. ताशी ५४ किलोमीटरने आडवा उडणारा पक्षी सेकंदाला १५ मीटर जातो, म्हणजे १/५०० मध्ये ३ सेंटिमीटर. १/२००० मध्ये पाऊण सेंटिमीटर. तुम्ही कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवता तेव्हा धडाची गती बरीचशी कापली जाते, पण पंखांची नाही, आणि आपला फिरवणारा हातही एकसारखा फिरत नाही. म्हणून उडणाऱ्या पक्ष्यांना १/२००० ते १/२५००. मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० होईल, फोटोत दाणे दिसतील, होऊ द्या. दाणे सॉफ्टवेअरमध्ये बरेचसे जातात, हललेला फोटो जन्मात सरळ होत नाही. मी मॅन्युअलवर शटर आणि अॅपर्चर (लेन्सच्या आतलं भोक, ‘एफ’ आकड्यात मोजतात ते) बांधून आयएसओ ऑटोवर सोडतो. पांढरट आकाशासमोर पक्षी काळा पडतो, तिथे एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वर.

फोकसची जागाही फार अरुंद असते. ६०० मिमी, एफ ६.३, २० मीटर अंतर: क्रॉप बॉडीवर शार्प दिसणारा पट्टा जेमतेम पाऊण-एक फूट. १० मीटरवर सात सेंटिमीटर. खंड्या तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर चोच आणि शेपूट दोन्ही शार्प यायची अपेक्षा सोडा, डोळा मिळाला की जिंकलात. फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर ठेवा. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल तर लांबचे विषय काढताना ते वापरा, नाहीतर एकदा पक्षी निसटला की लेन्स घरघरत जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, तोवर पक्षी इंदापूरला पोचलेला असतो.

आणि पक्षी फ्रेममध्ये सापडतच नाही ही तुमची तक्रार मला सगळ्यात खरी वाटली. हात पूर्ण लांब करून अंगठा आडवा डोळ्यासमोर धरा. तुमच्या कॅमेऱ्यात ६०० मिमीवर जे जग दिसतं, त्याची रुंदी जवळपास त्या अंगठ्याच्या जाडीएवढीच. एवढ्या आकाशात पक्षी शोधायचा म्हणजे पाकिटाच्या फटीतून बस पकडण्यासारखं आहे. म्हणून आधी १५०-२०० वर विषय पकडा, फोकस बसू द्या, मग झूम करा. झूमचं रिंग हाताशी बसेपर्यंत वेळ लागतो. मी हा सराव गच्चीवरून घारींवर केला. पुण्यात घारींना तोटा नाही, संथ फिरतात आणि मॉडेलिंगचे पैसे मागत नाहीत. रोज पंधरा मिनिटं, महिनाभर. घार जमली की पारव्यांवर या. पारवे नाकी नऊ आणतात.

उभं राहण्याची पद्धत लिहून समजवणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो. डावा तळवा वर करून लेन्सच्या पोटाखाली, शक्य तितका पुढे. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. पावलं आधीच त्या दिशेला वळवा जिथे फोटो संपणार आहे, आणि कंबरेतून मागे वळून विषयाची वाट पाहा. तो आला की पीळ सुटत जातो आणि ऐन क्षणी तुम्ही मोकळे असता. आम्ही सगळे सुरुवातीला उलटं करतो: विषय जिथून येणार तिकडे पाय, आणि मोक्याच्या वेळी कंबर अडते. बटण दाबल्यावरही फिरवत राहा, बॅट मारल्यावर खांदा पुढे जातो ना, तसं. स्टॅबिलायझेशनला (हाताची थरथर कमी करणारी लेन्समधली सोय) दोन मोड असतील तर फिरवून काढताना दुसरा.

क्रिकेटबद्दल थोडंच. तुमचा भाऊ उजव्या हाताने खेळतो असं धरतो. त्याची छाती आणि चेहरा ऑफ साइडला असतो, म्हणून मिड-ऑफ ते कव्हरच्या मधल्या सीमारेषेवर बसा. लेग साइडला बसलात तर आयुष्यभर पाठ आणि जर्सीचा नंबर. ७० मीटरवरून ६०० मिमीला उभा माणूस फ्रेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत घट्ट बसतो, त्यामुळे उंच फटका मारताना बॅट कापली जाते. ४००-४५० वर राहा. मैदानावरच्या मॅचला मागे स्कूटरींची रांग आणि पाण्याचा टँकर असतो, तो टाळायला दहा पावलं सरकणं हे नव्या लेन्सपेक्षा स्वस्त पडतं. आणि दुपारी एक वाजता तापलेल्या मैदानावरही हवा नाचते बरं का, भिगवणसारखीच.

आता विमानं. एअरो इंडिया दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत येलहंकाच्या हवाई दलाच्या तळावर भरतं. मी जानेवारी २०२४ चा मरीन ड्राइव्हवरचा हवाई दलाचा शो मात्र चांगला अनुभवलाय, त्यावरून सांगतो. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या तुकडीची नऊ हॉक विमानं एका रचनेत आली तेव्हा माझ्या शेजारचे काका ६०० वर होते. त्यांना अडीच विमानं मिळाली. पूर्ण रचना आणि मागचा धूर हवा असेल तर १५० सुद्धा कधी कधी जास्त होतं. दुसऱ्या बॉडीवर ७०-३०० असली तर उत्तम. ६०० लागते ती एकटं विमान कुशीवर वळतं आणि हेल्मेट दिसतं त्या क्षणाला. जेटला १/१६०० ते १/२०००.

हेलिकॉप्टरला मात्र हेच सेटिंग ठेवाल तर फसाल. हवाई दलाच्याच सारंग तुकडीची ध्रुव हेलिकॉप्टरं १/२००० वर काढली की पाती जागच्या जागी गोठतात आणि ते दोऱ्याने टांगलेलं खेळणं वाटतं. १/१२५ च्या आसपास या, पात्यांना फिरकी दिसते, फोटोत जीव येतो. दहांतले आठ हलतील, हलू द्या. वीस काढा, दोन ठेवा. सकाळचा पहिला भाग सोडू नका, कारण धावपट्टीचं काँक्रीट तापलं की जमिनीवरची विमानं लांबून लाटेवर तरंगू लागतात. आकाशात वर असलेल्या विमानांना हा त्रास कमी.

सरावासाठी पुण्यातल्या लोहगाव विमानतळाच्या कुंपणाबाहेर ६०० काढून उभे राहू नका. ते हवाई दलाचं विमानतळ आहे, तिथे फोटोला बंदी आहे आणि जवानांना समजावताना तुमची गोल्डन लाइट निघून जाईल.

प्राइमचं म्हणाल तर, निकॉनची ५०० एफ ५.६ साधारण दीड किलोची आहे, तुमच्यासारख्या झूम दोन किलोच्या किंवा त्याहून जड. हा अर्धा किलो सकाळी नऊनंतर खांद्याला कळतो, आणि तो फरक मला शार्पनेसच्या फरकापेक्षा मोठा वाटतो. पण घारीवर झूम करून विषय शोधायची सवय लागेपर्यंत प्राइम घेतलीत तर आणखी वैतागाल. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे लावून चित्र मोठं करणारं भिंग) तर सध्या नकोच: १.४ चा लावला की एक स्टॉप उजेड जातो, एफ ६.३ चं एफ ९ होतं, ऑटोफोकस अडखळतो, आणि हवेची थरथर आणखी मोठी दिसते.

लेन्स खरंच बिघडली आहे का, हे घरीच कळेल. लेन्सच्या पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर (संरक्षणासाठी लावतात ती काच) लावलाय का बघा. असेल तर काढा. माझ्या एका मित्राचा ‘दोष’ तिथेच संपला. मग सकाळी सात वाजता गच्चीवर कालनिर्णय टांगा, पंधरा मीटरवर ट्रायपॉड लावा, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, शटर १/१०००. ४००, ५०० आणि ६०० वर, प्रत्येकी एफ ६.३ आणि एफ ८ ला तीन-तीन फोटो, दर वेळी फोकस नव्याने घेऊन. तिथीची बारीक अक्षरं वाचता आली तर लेन्स ठणठणीत आहे. एफ ८ ला थोडी जास्त स्वच्छ येतील, ते या लेन्सचं चालतंच. अक्षरं पुसट पण कॅलेंडरच्या पुढे, तुमच्या बाजूला असलेली एखादी कुंडी शार्प, असं झालं तर फोकस पुढे पडतोय. तो बॉडीत किंवा सर्व्हिस सेंटरला दुरुस्त होतो. एकच बाजू धूसर आणि दुसरी चांगली असेल, तर आतली काच सरकली असू शकते, तेव्हा मात्र विकणाऱ्याला गाठा.

ते फोटो क्रॉप न करता इथे कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो. भिगवणचेही दोन टाका, आणि त्यांच्याखाली घड्याळातली वेळ लिहा.