वाचकांचे प्रश्न : डीएनएची मोजपट्टी

प्रश्न : माझी नात एम.एस्सी.ला आहे. ती म्हणते, डीएनएची मोजपट्टी करून पेशी कशी जागी होते ते बघतात. आम्हाला डीएनए म्हणजे आनुवंशिकता एवढंच ठाऊक. ही काय भानगड?
– निवृत्त जॅकार्ड कारागीर, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : काका, नात बरोबर सांगतेय. चादरीत कुठला धागा कधी उचलायचा ते पंचकार्डाची भोकं ठरवतात ना? तसं डीएनएचा कुठला तुकडा कुठे चिकटणार ते त्यातला अक्षरक्रम, म्हणजे चार प्रकारच्या रासायनिक घटकांचा क्रम, ठरवतो. २००६ मध्ये संशोधक पॉल रोथेमंड यांनी विषाणूचा सात हजारांवर अक्षरांचा धागा दोनशेवर आखूड तुकड्यांनी दुमडून हवे ते आकार केले. आनुवंशिकतेचा इथे काही संबंध नाही. डीएनए म्हणजे निव्वळ कच्चा माल.

आता पेशी. तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना, बाहेरचा रेणू चिकटला की आत निरोप जातो. पण दोन रेणूंमधल्या अंतराने फरक पडतो का? स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने डीएनएच्या ताठ दांडीवर (हीच नातीची मोजपट्टी) एफ्रिन या निरोप देणाऱ्या प्रथिनाचे दोन रेणू बसवले, कधी सुमारे ४० नॅनोमीटरवर, कधी १०० वर; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रेणू तेवढेच, तरी जवळच्या जोडीने ग्राही जास्त चेतवले. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण बदललं ते फक्त अंतर.

‘जवळ तेवढं चांगलं’ असा नियम मात्र करू नका. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या २०२०च्या प्रयोगात बी-पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या रक्तपेशींना, एचआयव्हीचे प्रतिजन (शरीर ज्यांना परकं म्हणून ओळखतं ते विषाणूचे भाग) २५-३० नॅनोमीटरवर ठेवलेले जास्त मानवले, त्याहून जवळचे कमी.

औषधाचं लगेच विचारू नका. रक्तातली विकरं (एन्झाइम) असा उघडा डीएनए कुरतडून टाकतात.