उसाच्या रसातून ब्राझीलचा रोग येतो का ओ?

प्रश्न : डॉक्टरताई, एसटी स्टँडजवळ माझी रसवंती आहे, वडलांच्या वेळेपासून. पंधरा दिवस झाले व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय, उसाच्या रसातून किड्याचं विष जातं आणि हार्ट फेल होतं म्हणे, चागास का काय नाव आहे. नेहमीची गिऱ्हाईकं पण ग्लास उजेडात धरून बघायला लागलेत. खरंय का हे? – एक रसवंतीवाले, सोलापूर

उत्तर : तो व्हिडिओ मलाही तीन ग्रुपवर आला. गंमत म्हणजे पूर्ण खोटा नाही, गाव चुकलंय फक्त. 2005 साली ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात रस्त्याकडेच्या टपरीवरचा उसाचा रस पिऊन लोकांना खरंच चागास झाला होता, काही जण दगावलेही. विष नाही ते, परजीवी आहे, ट्रिपॅनोसोमा क्रूझी. तिकडं ढेकणाच्या लांबच्या भावकीतला एक किडा असतो, बोटाच्या पेराएवढा, त्याच्या पोटात हा परजीवी राहतो, आणि किडा किंवा त्याची घाण उसाबरोबर चरकात गेली की सगळं ग्लासात.

एरवी हा किडा मातीच्या भिंतींच्या भेगांत राहतो आणि रात्री झोपलेल्या माणसाच्या तोंडाजवळ चावतो, म्हणून त्याला किसिंग बग म्हणतात (नाव काय आणि काम काय!). रक्त पिऊन तिथंच हगतो, माणूस झोपेत खाजवतो आणि ती घाण चाव्यातून नाहीतर डोळ्यातून आत जाते, मग कधी कधी एकाच डोळ्याची पापणी टम्म सुजते. हे शोधलं ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस चागास यांनी, 1909 मध्ये. त्यांना खरं तर रेल्वेच्या कामावर मलेरिया आवरायला पाठवलं होतं, तिथल्या इंजिनियरनं हा किडा दाखवला, त्यांनी तो तपासला आणि पुढं गावातल्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तोच परजीवी सापडला. आज जगात 70 लाखांच्या आसपास लोकांना ही लागण आहे, बहुतेक सगळे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले. वाईट भाग असा की वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नाही, आणि मग 100 पैकी 20 ते 30 जणांचं हृदय बिघडतं. लवकर सापडलं तर बेन्झनिडाझोल नावाच्या औषधानं बरं होतं.

सोलापुरात ह्याची भीती नको. आपल्या घरातले ढेकूण झोप खातात, चागास देत नाहीत.

पण आता तुम्ही विचारलंच आहे तर तुमच्या धंद्याचं खरं दुखणं सांगते, बर्फ. मागच्या आठवड्यात एका गाड्यावर बघितलं, लादी गोणपाटात, गोणपाट फुटपाथवर, आणि त्याच गोणपाटाच्या कोपऱ्यानं पोरगा चरकाचा रोळ पुसतोय, घुंगरं छान वाजतायत. आव, टायफॉइड, कावीळ ह्यातूनच येते. ऊस सोलून धुवा, ग्लास वाहत्या पाण्यात विसळा, बर्फ पिण्याच्या पाण्याचाच घ्या, आणि हे गिऱ्हाईकाला दिसेल असं करा म्हणजे उजेडात धरून बघायची वेळ येणार नाही.

प्रश्न : आमच्या म्हशीला सर्रा झालाय, जनावरांचे डॉक्टर ट्रिपॅनोसोमा म्हणाले. पोरगा म्हणतो हाच चागास. दूध बंद करावं का? – सांगोला तालुका

उत्तर : आडनाव एक, घरं वेगळी. चागासचा ट्रिपॅनोसोमा क्रूझी, सर्राचा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, त्याला गोमाश्या चावून जनावराजनावरात पसरवतात. माणसाच्या रक्तात त्याला मारणारं एक प्रोटीन असतं म्हणून आपल्याला सहसा होत नाही. सहसा म्हणते कारण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाला होता, 2005 साली त्याची नोंद छापून आली. महिनोन् महिने ताप यायचा जायचा, शेवटी रक्तात परजीवी दिसला, नंतर कळलं की त्याच्या रक्तात ते प्रोटीनच नव्हतं. सुरामिन नावाच्या जुन्या औषधानं बरा झाला. दूध उकळून प्या, म्हशीचे उपचार पुरे करा, हाताला जखम असेल तर तिच्या रक्ताला हात लावू नका.

प्रश्न : परवा रात्री साडेनऊला दोघं दार वाजवून म्हणाले बोटातून रक्त द्या, हत्तीपायाची तपासणी आहे. रात्रीचं कसलं ओ रक्त? सासूबाईंनी हाकलून दिलं. – जुळे सोलापूर

उत्तर : सासूबाईंचं चुकलं नाही, अनोळखी माणूस रात्री सुई घेऊन आला तर मीही आधी ओळखपत्र मागेन. पण वेळ बरोबर होती. फायलेरियाचे, म्हणजे हत्तीपायाचे, बारीक जंतू दिवसा फुप्फुसाकडं दडून बसतात आणि रात्री अंगभर रक्तात फिरायला निघतात, कारण त्यांना नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून तपासणी रात्री आठ ते बाराच्या दरम्यान. आणि हा रोग ब्राझीलचा नाही बरं का, सोलापूर जिल्हा ह्या रोगाच्या यादीत आहे. ती माणसं परत आली तर ओळखपत्र बघून रक्त द्या, नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

हत्तीपायाच्या गोळ्या वाटायला येतात तेव्हा पण असंच होतं, लोक ‘नंतर घेतो’ म्हणून गोळी देव्हाऱ्यात ठेवतात आणि ती तिथंच राहते. समोर गिळा म्हणतात ते त्यासाठी. उपाशीपोटी नको, गरोदर बाईनं नको, दोन वर्षांखालच्या बाळाला नको, फार आजारी असलेल्याला नको. घेतल्यावर थोडा ताप, मळमळ झाली तर घाबरू नका, आतले जंतू मरतायत. पाय आधीच सुजला असेल तर गोळीनं सूज उतरत नाही, रोज साबणानं धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. आणि संडासाच्या टाकीच्या वर जो पाइप असतो ना, त्याच्या तोंडाला जाळीचं फडकं बांधा, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चालतो. सगळ्या गल्लीचे क्युलेक्स तिथूनच बाहेर पडतात.