आरएस-४८५ या दोन वायरींच्या बसवर कोणीच काही पाठवत नसताना रिसीव्हरमधून कचरा बाईट का येतो?

तुम्ही लिहिलंय की आर्डुइनो नॅनोला मॅक्स-४८५ ही आरएस-४८५ ची चिप लावून एनर्जी मीटर मॉडबसवर (उपकरणांनी आपसात बोलायची ठरलेली पद्धत) वाचताय, ९६०० बॉड, वायर १२ मीटर, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर, आणि मीटरच्या उत्तराआधी एक ०० बाईट घुसतो म्हणून सीआरसी (डेटा बरोबर आला का ते तपासणारा आकडा) चुकतो. कृपा करून कोड परत परत लिहू नका, मी यात तीन दिवस घालवलेत. एका पॅनेलवर हेच होत होतं, शेवटी मल्टीमीटर ए आणि बी या दोन वायरींमध्ये लावला तर १२ मिलिव्होल्ट, आणि शेजारचा मोटर ड्राइव्ह चालू केला की आरएक्सचा (डेटा आल्याचा) एलईडी आपोआप लुकलुकायचा, कोणी काही पाठवत नसताना!

होतं काय, तर ए हा बी पेक्षा २०० मिलिव्होल्टने वर असला की चिप १ देते, तेवढाच खाली गेला की ०, आणि मधल्या पट्ट्यात काय देईल याची डेटाशीट कसलीच हमी देत नाही. सगळे ड्रायव्हर (लाईनवर पाठवणारे भाग) बंद झाले की तुमचे दोन १२० मिळून ६० ओहम होतात आणि ए-बी ला एकाच व्होल्टेजवर आणून ठेवतात, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात. यूआर्टला (नॅनोमधला बाईट वाचणारा भाग) तर लाईन मोकळी असताना १ लागतो, जरा ० दिसला की त्याला वाटतं स्टार्ट बिट (बाईट सुरू झाल्याची खूण) आला, आणि आउटपुट ० वरच राहिलं तर तुमचा तो ०० बाईट तयार. मीटरचं उत्तर लगेच मागून आलं की मॉडबस दोन्ही एकच फ्रेम धरतो.

आधी एक करून बघा, नॅनोकडून काहीच पाठवू नका, नुसतं ऐका. तरी बाईट आले तर दोष बसचा. फक्त पाठवल्यानंतर येत असेल तर चिपचा आरओ पिन (आलेला डेटा बाहेर देणारा) बघा, कारण डीई (पाठवणं चालू करणारा) आणि आरई (ऐकणं चालू करणारा) एकत्र जोडले असतील तर पाठवताना आरओ हवेत लटकतो, तिथे ५ व्होल्टला १० के चा रेझिस्टर लावा, झालं.

बसचा दोष निघाला तर ए पासून ५ व्होल्टला ५६० ओहम आणि बी पासून ग्राउंडला ५६० ओहम, फक्त एकाच ठिकाणी, मास्टरकडे, म्हणजे नॅनोकडे. हिशोब सोपा आहे, ५ भागिले ११८० (५६० + ५६० + ६०) गुणिले ६०, साधारण २५४ मिलिव्होल्ट. बऱ्याच जणांनी ६८० सांगितलेलं दिसेल पण त्यात जेमतेम २११ मिळतात, मला ते काठावरचं वाटतं. ४.७ के वगैरे लावून तर काहीच होत नाही, ३२ मिलिव्होल्ट.

खरं सांगू का, तुमच्या जागी मी आधी दोन्ही १२० काढून बघेन. ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदाचा, आणि १२ मीटर वायरमध्ये सिग्नल जाऊन परत यायला ०.१२ मायक्रोसेकंदाच्या आसपास, रिफ्लेक्शनने (टोकावरून परत येणाऱ्या सिग्नलने) काय बिघडणार! मॅक्स-४८५ ला लाईन ओपन असली की १ द्यायची सोय आहेच, ती १२० मुळेच निकामी होते. पण वायर पुढे लांब जाणार असेल तर १२० ठेवा आणि मॅक्स-३०८५ बसवा, पिना त्याच, तो शून्य व्होल्टलाही १ च धरतो.

रेझिस्टर लावल्यावर पाठवणं बंद ठेवून ए-बी मोजा आणि आकडा इथेच टाका, २०० च्या खाली आला तर मीटरच्या आत अजून एक १२० दडलेला असू शकतो.