गर्डर ‘जोडतात’ की ‘बसवतात’?

खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) एका वाचकांनी विचारलंय: गावाजवळ पुलाचं काम चाललंय. सुपरवायझर म्हणतो, ‘गर्डर अबटमेंटला जोडायचे आहेत.’ क्रेनवरचा माणूस म्हणतो, ‘गर्डर बसवायलेत.’ यात बरोबर कोण? आणि अबटमेंटला मराठीत काय म्हणायचं? (गर्डर म्हणजे पुलाचा रस्ता पेलणारी लांब तुळई, अबटमेंट म्हणजे पुलाच्या टोकाला काठावर असलेला आधार.)

माझं मत क्रेनवाल्याच्या पारड्यात. कारखान्यात किंवा साइटवर आधीच ओतून ठेवलेला काँक्रीटचा गर्डर उचलून आणतात, तेव्हा बहुतेक पुलांवर तो अबटमेंटला चिकटवत नाहीत. मध्ये रबराचा जाड पॅड असतो, आत पोलादी पत्र्यांचे थर असलेला. गर्डर त्यावर टेकतो. कारण काँक्रीट उन्हात लांबतं, थंडीत आखडतं: 30 मीटरचा गर्डर तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर सुमारे एक सेंटिमीटर कमीजास्त होतो. त्याला धरून ठेवलं तर कुठेतरी तडा जाणार. पॅड तेवढा तिरका होतो आणि गर्डरला सरकू देतो.

‘बसवणे’ या क्रियापदात हे सगळं आहे. खांब उथळ्यावर बसवतात, जातं बसवतात, गणपती बसवतात. बसवलेली वस्तू आपल्या वजनाने जागा धरते, पण वेळ आली की उचलताही येते. नुसतं ‘ठेवला’ म्हणणं मात्र कमी पडेल. ठेवलेली वस्तू कुठेही ठेवता येते. बसवायची म्हटली की नेमकी जागा, पातळी आणि आडवं घसरू नये म्हणून केलेली सोय, सगळं आलं.

सुपरवायझरच्या तोंडी ‘जोडणे’ का आलं असेल? माझा आपला एक तर्क. आपल्याकडच्या कन्नड बोलीत गणपती बसवण्याला ‘कूडिसु’ म्हणतात, आणि जोडण्याला, बेरजेलाही ‘कूडिसु’च. दिवसभर दोन्ही भाषांत बोलणाऱ्याच्या डोक्यात ही दोन मराठी क्रियापदं एकमेकांच्या जागी येऊन बसली, तर नवल नाही. हिंदी बोलणाऱ्या कामगारांचं ‘जोडना’ही कानावर असतंच म्हणा.

गंमत अशी, की पुलावर ज्याला सगळे ‘जॉइंट’ म्हणतात, तिथे खरं तर फट असते. एसटी त्यावरून जाताना टक्-टक् वाजतं, ते तिथेच. पण मराठी ‘सांधा’ इथे चपखल बसतो. गुडघ्याचा सांधा हलतो म्हणूनच तो सांधा!

अबटमेंटला छापील मजकुरात ‘अंत्याधार’ दिसतो. अर्थ कळतो, पण साइटवर हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ‘टेकू’ सुचवणाऱ्यांना मी नाही म्हणेन. टेकू तात्पुरता असतो, काम झालं की काढतात. अबटमेंटला दोन कामं: गर्डरचं टोक पेलायचं आणि पाठीमागच्या रस्त्याचा भराव अडवायचा. ‘पीलपाया’ही नको. तो मधला खांब. फारसीत ‘पील’ म्हणजे हत्ती, हत्तीच्या पायासारखा तो. मी बोलताना ‘काठाची भिंत’ म्हणतो, लिहिताना सरळ ‘अबटमेंट’.

आता सुपरवायझरची बाजू. काही पूल वेगळे बांधतात. गर्डरच्या टोकातून सळ्या बाहेर काढलेल्या असतात. गर्डर जागेवर आला की त्या सळ्यांभोवती काँक्रीट ओतून गर्डर आणि अबटमेंट एकजीव करतात. तिथली फटच गेली, त्यामुळे फटीतून पाणी झिरपून खालचे भाग खराब होण्याची कटकट राहत नाही. आपल्याकडचा पाऊस बघता ही लहान गोष्ट नव्हे. मग गर्डर लांबला-आखडला की अबटमेंटही त्याच्याबरोबर थोडी हलते आणि भरावावर रेटा येतो, म्हणून फार लांब पुलांना ही पद्धत जपूनच वापरतात. अशा ठिकाणी ‘जोडला’ चालेल. ‘एकजीव केला’ जास्त नेमकं.

तेव्हा पुढच्या वेळी तिकडून जाताना गर्डरची टोकं बघा. भरावाच्या बाजूला सळ्या बाहेर आलेल्या दिसल्या, तर सुपरवायझरही चुकला नव्हता.