पट्टी कुणाच्या दंडावर?

या अंकासाठी आलेल्या फुटबॉलच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच मुद्द्याभोवती फिरतात: संघातला सर्वांत तगडा खेळाडू बाकीच्यांना वर ओढतो की दाबून टाकतो? त्यातली चार पत्रं इथं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या पेठेच्या संघातला एक पोरगा इतरांपेक्षा दोन पायऱ्या वर आहे. हरणं त्याला सोसवत नाही. पण चेंडू गेला की असा तडकतो, की नवी पोरं पास मागायचंच सोडतात. त्याला कॅप्टन करावं का? (कोल्हापूर)

आधी त्याच्या ओरडण्याची मोजदाद करा. सरावाच्या सामन्यात वीस मिनिटं कुणाला तरी वही देऊन रेषेबाहेर बसवा आणि दोन रकाने आखायला सांगा. ‘मागे माणूस’, ‘वेळ आहे’, ‘पलीकडं फिरव’ हे पहिल्या रकान्यात. ‘डोळे फुटले का?’ हे दुसऱ्यात. पहिल्या प्रकारची हाक चेंडू यायच्या आधी येते, त्यामुळे घेणाऱ्याचं काम हलकं होतं. दुसरी चेंडू गेल्यावर येते, म्हणजे तिचा खेळाला काही उपयोग नाही. वही त्याच्यासमोर ठेवा. वेगळं भाषण द्यायची गरज सहसा पडत नाही.

शिव्यांनी मन दुखतं हे खरंच, पण खेळ बिघडतो तो वेगळ्या वाटेनं. बोलणी खायची धास्ती असलेला पोरगा सर्वांत बिनधोक पास शोधतो, आणि तो पास म्हणजे त्या स्टारचाच पाय. त्याला दोघांनी घेरलेलं असलं तरी चेंडू तिकडंच जातो. समोरच्यांना हे ओळखायला पंधरा मिनिटं पुरतात. ते ती वाट बंद करतात, चेंडू आणखी जातात, हा आणखी चिडतो.

जिद्दीचा उपयोग कसा होतो याचं उदाहरण म्हणून २१ एप्रिल १९९९ ची ट्यूरिनमधली चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची) उपांत्य लढत घ्या. युव्हेंटसच्या इन्झागीनं पहिल्या अकरा मिनिटांत दोन गोल केले होते. मँचेस्टर युनायटेडचा कप्तान रॉय कीननं चोविसाव्या मिनिटाला बेकहॅमच्या कॉर्नरवर डोक्यानं एक गोल फेडला. थोड्याच वेळात त्याला पिवळं कार्ड मिळालं, आणि स्पर्धेतली आधीची कार्डं धरून पुढच्या सामन्याची बंदी ठरली. संघ जिंकला तरी अंतिम सामन्यात आपण नसणार, हे त्याला त्याच क्षणी कळलं. उरलेला जवळजवळ तासभर तो तितक्याच त्वेषानं चेंडू हिसकावत आणि पुढं देत राहिला. सामना ३-२ असा फिरला आणि युनायटेडनं अंतिम सामनाही जिंकला, कीनशिवाय. याच माणसाची २००२ मध्ये विश्वचषकाच्या तोंडावर आयर्लंडच्या प्रशिक्षकाशी जुंपली आणि स्पर्धेआधीच तो घरी परतला. सरावाच्या गैरसोयींबद्दलची त्याची तक्रार अगदीच निराधार नव्हती, पण संघाला त्याचा पाय मिळाला नाही तो नाहीच.

म्हणून त्याच्या रागाला काम द्या. सात-सातच्या खेळात नियम लावा: आपल्या बाजूकडून चेंडू गेला की पहिले पाच सेकंद त्यानं बोलायचं नाही, चेंडूवर धाव घ्यायची. सर्वांत बुजऱ्या दोघांना त्याच्याच बाजूला खेळवा. दुसरा नियम: त्याच्याभोवती दोन माणसं आली की दोन स्पर्शांत चेंडू सोडायचा. १९८६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात २-२ अशी बरोबरी असताना मॅराडोनाभोवती जर्मनांचा घोळका होता. त्यानं चेंडू धरून न ठेवता सहकारी बुरुचागाला मोकळ्या जागेत दिला आणि तोच विजयी गोल ठरला. आपल्यावर दोघं आले म्हणजे कुणीतरी आपला मोकळा आहे, एवढा हिशेब तुमच्या पोराला कळला पाहिजे.

कप्तानपदाची घाई करू नका. दोन महिने वहीचा पहिला रकाना जड राहिला, तर खुशाल त्याच्या दंडावर कप्तानाची पट्टी बांधा. तोवर ती एखाद्या शांत स्टॉपरकडं, म्हणजे मधल्या बचावपटूकडं असू द्या. त्याला पूर्ण मैदान समोर दिसतं, त्यामुळे हाका मारायलाही तो बऱ्या जागी असतो.

प्रश्न : पेनल्टी शूटआउटमध्ये सर्वांत भरवशाचा खेळाडू पाचवा ठेवावा असं म्हणतात. बरोबर आहे का? (ठाणे)

आमच्या मते नाही. दोन्ही संघ आळीपाळीनं पाच-पाच किक मारतात, पण निकाल आधीच लागला तर उरलेल्या होत नाहीत. त्यामुळे पाचवी पाळी येईलच याची खात्री नसते. युरो २०१२ च्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) उपांत्य सामन्यात स्पेनविरुद्ध पोर्तुगालनं रोनाल्डोला पाचवा ठेवलं होतं. मोटिन्योची पहिली किक स्पेनचा गोलरक्षक कासियासनं अडवली, ब्रुनो आल्वेशची आडव्या खांबावर आदळली, आणि स्पेननं ४-२ अशी बाजी मारली तेव्हा रोनाल्डोनं चेंडूला पायही लावला नव्हता.

चार वर्षांनी मार्सेला पोलंडविरुद्ध पुन्हा शूटआउट. या वेळी पहिली किक रोनाल्डोची. त्याआधी, मागे राहिलेल्या मोटिन्योला ‘तू चांगली मारतोस, ये’ अशा अर्थाचं सांगून त्यानं पुढं आणलं. चुकलेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं तर आधी आपण जोखीम घ्यायची, हे त्यात आलं. मोटिन्योनं तिसरी किक मारली आणि गोल केला. पोर्तुगालनं पाचही किक घातल्या आणि ५-३ नं जिंकलं.

यादी सामन्याच्या आदल्या दिवशीच करा, पाच नव्हे तर आठ नावांची, कारण एखादा जखमी होतो, एखाद्याला बदललेलं असतं. ‘कोण मारतो?’ असं घोळक्यात विचारू नका, एकेकट्याला विचारा. सराव थकल्यावर घ्या आणि मधल्या रेषेपासून चालत येऊन घ्या. पूर्ण मापाच्या मैदानावर ते अंतर चाळीसेक मीटर भरतं, आणि पोरांचे पाय जड होतात ते त्या चालण्यात. नुसत्या अकरा मीटरवरून दहा-दहा किक मारून ही सवय होत नाही.

प्रश्न : दोन गोल बसले की आमचा शाळेचा संघ कोसळतो. अशा वेळी कप्तानानं काय करावं? (पुणे)

इस्तंबूलचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. तिथल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात २५ मे २००५ ला मिलानविरुद्ध लिव्हरपूल मध्यंतराला ०-३ मागे होता. कप्तान जेरार्डनं ५४ व्या मिनिटाला हेडर घातला, हात उंचावून सगळ्यांना उठवलं आणि सहा मिनिटांत ३-३ झालं. त्याआधी प्रशिक्षक बेनिटेझनं मध्यंतरात हामानला उतरवून मागे बचावात तिघांची फळी केली होती, हे मात्र विसरलं जातं. हामाननं मधली जागा धरली म्हणून जेरार्ड पुढं सुटला. पुढं सर्जिन्यो मिलानच्या डाव्या बाजूनं धावू लागला, तेव्हा हाच कप्तान उजव्या बचावात जाऊन राबला. शेवटी शूटआउटमध्ये लिव्हरपूल जिंकलं.

तुमच्यासाठी: गोल बसल्यावर मध्यावर परतताना अर्धा मिनिट मिळतो. कप्तानानं त्यात एकच सूचना द्यायची, उदाहरणार्थ ‘पहिले पाच पास छोटे’. आपल्या अर्ध्यात ड्रिब्लिंग (चेंडू पायाशी खेळवत नेणं) बंद. घाईनं लांब चेंडू भिरकावले की तेच चेंडू उलटून येतात आणि तिसरा गोल बसतो. आणि स्टारला बजावा की चेंडू घ्यायला मधल्या वर्तुळाच्या मागं यायचं नाही. तो गोलरक्षकापर्यंत खाली आला की पुढं चेंडू घ्यायला माणूसच उरत नाही. शालेय संघात आम्हाला सर्वाधिक दिसणारी चूक हीच.

प्रश्न : कप्तानाला रेफ्रीशी वाद घालायचा हक्क असतो का? (मडगाव)

नाही. नियमांनुसार त्याला कोणताही खास दर्जा नाही, संघाच्या वर्तनाची काही जबाबदारी मात्र आहे. युरो २०२४ मध्ये निर्णयाचं कारण विचारायला फक्त कप्तानानं जायचं असं ठरलं होतं, आणि गोलरक्षक कप्तान असेल तर मैदानातल्या एका खेळाडूचं नाव आधी द्यायचं. तुमच्या स्पर्धेत ही पद्धत लागू आहे का, ते आयोजकांना विचारा. तसं असेल, तर तापट स्टारच्या दंडावर पट्टी बांधताना हाही हिशेब धरा: रेफ्रीकडं जाणारा माणूस तोच असेल.