नागपुरात शनिवार-रविवारी मॉलशिवाय काय? (उत्तर जरा लांबलंय)

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी थोडा राग आला, मग हसू. तुम्ही लिहिलंय की पुण्याहून मिहानच्या (विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्राच्या) नोकरीसाठी येऊन सहा महिने झाले, तिकिटांच्या ॲपवर नागपूर टाकलं की दोन स्टँडअप आणि एखादी डीजे नाइट एवढंच दिसतं, तर इथे नाटक, गाणं, खेळ असं काही होतच नाही का? आणि सोबत नऊ वर्षांचा मुलगा आहे.

होतं ना बाप्पा! पण ॲपवर दिसत नाही, कारण नागपूरकराला तिकीट काढून कार्यक्रमाला जायची सवयच नाही. इथे पास चालतो. कार्यक्रम मोफत, पास आयोजकांच्या कार्यालयात नाहीतर ओळखीच्या एखाद्या दुकानात, आणि बातमी पेपरच्या शहर पुरवणीत आतल्या पानावर चार ओळींची. तेव्हा पहिलं काम म्हणजे एक मराठी पेपर लावा आणि 'आजचे कार्यक्रम' रोज वाचा. दुसरं काम, पास मिळाला म्हणजे खुर्ची मिळाली असं समजू नका. एका मोठ्या गायकाच्या कार्यक्रमाचे चार पास घेऊन मी सासू-सासऱ्यांसह साडेसहाला पोचलो, तर दार बंद. खुर्च्यांपेक्षा पास जास्त वाटले होते. सासऱ्यांनी बाहेर चहाच्या टपरीवर उभं राहून भोंग्यावर तीन गाणी ऐकली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी मोफत कार्यक्रमाला तासभर आधी जातो.

आता नाटक. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं इथे कमी येतात, हे खरं आहे. सेट घेऊन ट्रक एवढ्या लांब आणायचा तर खर्च निघत नाही. आली की सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात नाहीतर रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहात लागतात. सुरेश भट सभागृह २०१७ साली सुरू झालं, जवळपास दोन हजार खुर्च्यांचं. संगीताला ठीक, पण नाटकाला मला ते फार मोठं वाटतं. मागच्या रांगेत नटाचा चेहरा म्हणजे नुसता ठिपका.

पण तुम्हाला खरंच नाटक आवडत असेल तर राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्राची प्राथमिक फेरी चुकवू नका. साधारण हिवाळ्यात असते, सलग बरेच दिवस, रोज संध्याकाळी एक नवं नाटक, तिकीट अगदी नाममात्र. हौशी संघ असतात. दिवसा बँकेत, शाळेत, वीज कंपनीत असलेली माणसं दोन-दोन महिने रात्री तालीम करून एकच प्रयोग करतात. बऱ्याचदा सभागृहात शंभरही माणसं नसतात आणि त्यातली निम्मी नटांच्या घरची. मधल्या रांगेत परीक्षकांचं टेबल, त्यावर कागदापुरता उजेड पाडणारा छोटा दिवा. तिसरी घंटा झाली, अंधार झाला की तो दिवा तेवढा दिसत राहतो. एका वर्षी दुसऱ्या अंकात वीज गेली, तो दिवाही विझला. रंगमंचावर म्हाताऱ्या बापाचं काम करणारे गृहस्थ एक क्षण थांबले आणि त्याच आवाजात पुढचं वाक्य म्हणाले, "लाइट गेली वाटते, कंदील आण गा." आतून कोणीतरी खरंच मोबाइलचा टॉर्च घेऊन आला आणि प्रवेश तसाच पुढे सरकला. पाच-सात मिनिटांनी वीज आली तेव्हा टाळ्या पडल्या. ते कंदिलाचं वाक्य नाटकात नव्हतं, हे मला नंतर चहा पिताना कळलं. सगळीच नाटकं चांगली असतात असं नाही हां. चारातलं एक लक्षात राहतं, दोन सहन करावी लागतात, एखाद्यातून मध्यंतरात पळावं लागतं.

झाडीपट्टीचं नाव ऐकलं असेल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडची ही रंगभूमी. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, कंपन्यांचा मुक्काम वडशाला, म्हणजे देसाईगंजला. दिवसा गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, नाहीतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. नाटकाच्या मध्ये गाणी, लावणी, विनोद. २०२३ साली तिथल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांना या रंगभूमीची आठवण झाली. एकदा तरी जा, पण लहान मुलाला घेऊन पहिल्यांदा नको. कडाक्याची थंडी असते आणि बसायला जमीन.

गाण्यासाठी वसंतराव देशपांडे यांच्या नावाचा स्मृती संगीत समारोह धरा. वसंतराव जन्माने मूर्तिजापूरचे, पण गाणं शिकले ते इथे, शंकरराव सप्रे यांच्याकडे. ३० जुलै १९८३ ला ते गेले, म्हणून समारोह त्या सुमारास, पावसाळ्यात असतो. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तो करतं. याच केंद्राच्या सिव्हिल लाइन्समधल्या आवारात हिवाळ्यात हस्तकलेचा मेळा भरतो, संध्याकाळी लोकनृत्यं होतात. मुलाला तिथे न्याच. नोव्हेंबरच्या आसपास कालिदास महोत्सव असतो, मेघदूताच्या रामटेकशी नातं सांगणारा. आणि गाणं म्हणजे फक्त शास्त्रीय असं मनात असेल तर ते सोडा. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री उत्तर नागपुरात भीमगीतांचे मंच लागतात. ढोलकी, हार्मोनियम आणि समोर रस्त्यावर बसलेली चार पिढ्यांची माणसं. तसा श्रोता सभागृहात नाही मिळत. ताजबागच्या दर्ग्यावरच्या उरुसातल्या कव्वालीचंही तेच.

आता खेळ, म्हणजे माझा विषय. क्रिकेटचा आंतरराष्ट्रीय सामना जामठ्याला, वर्धा रोडवर, शहरापासून बराच बाहेर. मैदान उत्तम, कुठूनही खेळ दिसतो. पण परतताना हाल. एकदा सामना संपल्यावर पार्किंगमधून हायवेला लागायला मला अडीच तास लागले, मुलगा मागच्या सीटवर झोपून उठला तरी आम्ही तिथेच. मेट्रोने खापरीपर्यंत जा आणि पुढे बस किंवा ऑटो करा. त्या दिवशी शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा.

खरं सांगू का, नऊ वर्षांच्या मुलाला क्रिकेट दाखवायचं तर रणजी दाखवा. सकाळी साडेनऊला जा, हवं तिथे बसा, डबा न्या. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा करंडक घेतला, मग २०२४-२५ मध्ये जामठ्यालाच केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा. त्या अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ काढल्या. रणजीला गर्दी नसली की चेंडू बॅटला लागल्याचा आवाज प्रेक्षकांत ऐकू येतो, क्षेत्ररक्षक एकमेकांना काय ओरडतात तेही ऐकू येतं. (ते सगळं मुलाने ऐकण्यासारखं असेलच असं नाही.) सामना सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर असेल तर आणखी चांगलं. १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माने न्यूझीलंडच्या तिघांचे त्रिफळे उडवून हॅटट्रिक घेतली ती इथेच, आणि त्याच दिवशी गावसकरांनी एकदिवसीय सामन्यातलं एकमेव शतक काढलं. माझे काका तेव्हा स्टँडमध्ये होते. निदान ते तसं सांगतात. त्या दिवशी मैदानात होतो म्हणणारे सगळे मोजले तर मैदान पुरायचं नाही.

फुटबॉल पाहायचा असेल तर कामठी. रब्बानी मैदानावर स्थानिक सामन्याला जी माणसं जमतात त्यांना प्रत्येक खेळाडूचा बाप कोणत्या जागेवर खेळायचा हेही ठाऊक असतं. बॅडमिंटनची मालविका बनसोड, बुद्धिबळाचे रौनक साधवानी आणि २०२५ चा महिला विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख, सगळे नागपुरातले. त्यामुळे मुलाला शिकवायचा विचार असेल तर बुद्धिबळाच्या वर्गांना इथे तोटा नाही.

दोन गोष्टी राहिल्या. डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये मोर्चे, बंद रस्ते आणि जिकडेतिकडे पोलीस. त्या दिवसांत देशपांडे सभागृहाला जायचं तर अर्धा तास जास्त धरा. दुसरं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, काहीही झालं तरी सुट्टी टाका. सकाळी इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघते. एकोणिसाव्या शतकापासून चाललंय हे. सोबत बडगे, म्हणजे ज्यांच्यावर लोकांचा राग आहे त्यांचे पुतळे. त्या वर्षी कोणावर राग आहे हे पुतळ्यांवरच्या पाट्या वाचून कळतं, महागाईपासून नेत्यांपर्यंत. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं हजारो माणसं एका गल्लीत ओरडतात. गाडी सीताबर्डीलाच सोडा, आत चालत जा आणि एखाद्या दुकानाच्या ओट्यावर लवकर जागा धरा. आमचे लोक मुलाला वर घेतील, तुम्हाला विचारणारही नाहीत.